ताळेबंदाबाहेरचे भांडवल

उद्योगाचे सामर्थ्य केवळ जमीन, इमारत व यंत्रसामग्री यांवरून जोखण्याची रीत अपुरी आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या आणंदच्या ‘अमूल’ संघापाशी मूळ साधन होते ते म्हशीचे दूध. त्याची भुकटी होत नाही, हा परदेशी तज्ज्ञांचा समज एच. एम. दलाया यांच्या प्रयोगांनी खोडून काढला. १९५५ मध्ये भुकटीचा कारखाना उभा राहिला आणि हिवाळ्यातील अतिरिक्त दूधही उपयोगी पडू लागले.

दूध घालणारा शेतकरीच येथे सभासद व मालक. स्निग्धांशानुसार दर मिळाल्याने त्याचा विश्वास टिकला. साधन, ज्ञान व विश्वास या तिहींतून मूल्य निर्माण होते. ताळेबंदात मात्र पहिलेच ठळक दिसते. कर्जप्रस्ताव तपासताना उरलेल्या दोहोंचीही चौकशी व्हावयास हवी. अन्यथा तारण भक्कम, पण उद्योग पोकळ, अशी स्थिती उद्भवते.