माती नमुन्यांचे गट पाडून दिलेला सल्ला: खर्चाआधी काय तपासाल?

राज्य मंत्रिमंडळाने जून 2025 मध्ये महाअ‍ॅग्री-एआय धोरण 2025-29 मंजूर केले. संगणकीय सल्ल्याचा वापर यापुढे वाढत जाईल. अशा सल्ल्यात अनेकदा सारख्या गुणधर्मांचे माती नमुने एकत्र करून गट पाडले जातात (समूह विश्लेषण) आणि पूर्ण गटाला एकच शिफारस दिली जाते. तुमची जमीन योग्य गटात आहे ना, हे आधी पाहा.

गट किती असावेत, यात ओढाताण असते. कमी गट असले की सल्ला देणे सोपे जाते, पण वेगळ्या जमिनी एकत्र येतात. जास्त गट केले तर प्रत्येकात मोजकेच नमुने उरतात. केवळ गणिती निर्देशांकावर विसंबले तर ठळक फरकच वर येतो. कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावडा, राधानगरीकडील आम्लधर्मी जांभ्या जमिनी आणि शिरोळच्या खोल काळ्या जमिनी असे दोन गट निर्देशांकाला उत्तम वाटू शकतात. पण शिरोळच्या शेतकऱ्याचा प्रश्न त्या दुसऱ्या गटाच्या आत आहे.

- क्षारयुक्त जमीन: संपृक्त अर्काची क्षारता 4 डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त, सामू 8.5 पेक्षा कमी, विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांपेक्षा कमी. उपाय: निचरा आणि चांगल्या पाण्याने क्षार धुणे. जिप्समचा खर्च वाया जातो.
- चोपण जमीन: क्षारता 4 पेक्षा कमी, सामू 8.5 पेक्षा जास्त, सोडियम 15 टक्क्यांपेक्षा जास्त. उपाय: माती परीक्षणानुसार जिप्सम, सोबत निचरा.

सल्ला देणाऱ्यांना हे विचारा

1. सर्व गुणधर्म समान मोजपट्टीवर आणले होते का? नाहीतर हेक्टरी शेकडो किलोंत मोजलेले पालाश सामूला झाकून टाकते.
2. काही नमुने वगळून पुन्हा गट पाडल्यास तेच गट येतात का?
3. गट पाडताना न वापरलेली माहिती, उदा. ऊस उत्पादन, भूजल पातळी, गटांशी जुळते का?
4. दोन गट एकत्र केल्यास शिफारस बदलते का? बदलत असेल तर ते वेगळेच ठेवावेत.

मृदा आरोग्य पत्रिका योजनेत बागायती भागासाठी 2.5 हेक्टरला एक नमुना ठरला होता. म्हणजे पत्रिकेतील नमुना शेजारच्या रानातलाही असू शकतो. शिवाय तिच्या 12 घटकांत सामू आणि क्षारता आहे, विनिमययोग्य सोडियम नाही. म्हणून जिप्सम खरेदीपूर्वी स्वतःच्या प्लॉटचा नमुना द्या आणि सोडियमची तपासणी आवर्जून मागा.