अँपिअर कमी चालतील, तास पुरे द्या!



विजेवर चालणारी मोटार आता तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोचली आहे. आठ लाखांची लहान गाडी म्हणजे २०२५-२६ च्या हमीभावाने, लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये धरून, जवळजवळ शंभर क्विंटल कापूस. कोरडवाहू शेतकऱ्याने ती उद्याच घ्यावी असे कोणी शहाणा सांगणार नाही. पण गावातले मास्तर घेतील, नोकरीवाला मुलगा घेऊन येईल, प्रवासी वाहतूक करणारा घेईल. तेव्हा पहिला शेरा ठरलेला आहे : ‘खेड्यातल्या वायरीला हे झेपायचे नाही.’ हा शेरा हिशेबाने तपासून घेऊ.

लहान गाडी एका युनिटात सहा-सात किलोमीटर जाते. रोजची ये-जा ४० किलोमीटरची असेल तर चार्जिंगमधली घट धरून सात युनिट लागतात. घरातला १५ अँपिअरचा प्लग पूर्ण भाराने चालवला तर साडेतीन किलोवॅटच्या आसपास ओढतो. म्हणजे साडेचार अश्वशक्तीची मोटार घरात बसवल्यासारखे. पण गाडीला एवढी घाई आहे कुठे? ती रात्रभर दारात उभीच असते. १० अँपिअरवर सात युनिट तीन तासांत भरतात, ६ अँपिअरवर पाच तासांत. सहा अँपिअर म्हणजे दोन अश्वशक्तीहूनही कमी. बऱ्याच गाड्यांत अँपिअर कमी करण्याची सोय असते. घेणाऱ्याने आधी विचारून घ्यावे.

वायर तापते ती अँपिअरच्या वर्गाने. अँपिअर निम्मे केले की ताप चौथाईवर येतो. म्हणून जुन्या घरात सावकाश भरणे हेच शहाणपण. तरीही मीटरपासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग यांत काटकसर नको. ढिला सॉकेट आणि एक्स्टेन्शन बोर्ड हे आगीला आमंत्रण. मंजूर भार कमी असेल तर वाढवून घ्या. शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावू नका. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो.

आता डीपीचा हिशेब. ६३ केव्हीएच्या डीपीवर वीस घरांनी एकदम १५ अँपिअर ओढले, तर ६९ किलोवॅट झाले. डीपी तिथेच संपली, दिवे-पंखे-चक्की राहिलीच. तीच वीस घरे ६ अँपिअरवर राहिली तर २८ किलोवॅटसुद्धा होत नाहीत.

म्हणजे अडचण अँपिअरची नाही. अडचण तासांची आणि दाबाची आहे. नियमाने घरचा दाब २३० व्होल्ट, त्यात सहा टक्के कमी-जास्त. म्हणजे २१६ च्या खाली जाता कामा नये. दाब १७० वर आला की १० अँपिअरमधून पावणेदोन किलोवॅटही मिळत नाहीत. तीन तासांचे काम चार तासांवर जाते. त्यात मध्यरात्री वीज गेली, की सकाळी गाडी अर्धीच भरलेली.

कोणी म्हणेल, मास्तरांच्या गाडीसाठी आपण का भांडायचे? भांडण गाडीचे नाहीच. जी वीज गाडी भरते तीच चक्की फिरवते, तिच्याच उजेडात पोरे अभ्यास करतात. पुऱ्या दाबाने सलग पाच तास मिळाले तर ते साऱ्या गावाला मिळतील. आणि खेड्यात वीज पुरत नाही हे कारण एकदा मान्य केले, तर उद्या प्रत्येक नव्या यंत्राच्या वेळी तेच ऐकावे लागेल.

केंद्राने २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. ग्रामीण भागात नवे कनेक्शन देण्याची किंवा आहे त्यात बदल करण्याची मुदत १५ दिवसांची झाली. गाडीसाठी वेगळे कनेक्शन मागता येते. छतावरच्या पाच किलोवॅटपर्यंतच्या सौर संचासाठी लाइन बळकट करण्याचा खर्चही वीज कंपनीवर टाकला आहे. मग तोच न्याय गावठाणच्या डीपीला का नाही? गावाने वर्गणी का काढायची?

जिल्हा बैठकीत दोनच मागण्या ठरवाव्यात. गावठाणला रात्री सलग पाच तास, २१६ व्होल्टच्या वर. आणि भार वाढला तर डीपी कंपनीच्या खर्चाने. अँपिअर जपून वापरायचे काम आमचे. तास पुरे द्यायचे काम त्यांचे.