सुधारणा कोणाच्या सोयीची?

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी प्रस्तुत लेखकाच्या दलालसंस्थेने मोबाइलवरील शेअर-व्यवहाराच्या अ‍ॅपची ‘सुधारित आवृत्ती’ ग्राहकांवर लादली. लादली असेच म्हणावयास हवे. कारण जुनी आवृत्ती त्याच दिवशी बंद झाली. पूर्वी उघडताक्षणी दिसणारी आपल्या शेअर्सची यादी आता आत कोठेतरी दडली आहे. तिच्या जागी ‘ऑप्शन्स’च्या सौद्यांचे झगमगते आमंत्रण आहे. ऑर्डर पक्की होण्यापूर्वी विचारला जाणारा खात्रीचा प्रश्नही नाहीसा झाला आहे. मुलीच्या प्रवेशशुल्कासाठी थोडे शेअर विकावयाचे होते; बटणांच्या जागा बदलल्याने विक्रीऐवजी खरेदी झाली. ती चूक निस्तरताना पदरचे काही हजार रुपये गेले. बोट माझेच होते, हे मान्य. परंतु अशा चुकीला अटकाव करणारा प्रश्न कोणी व का काढून टाकला?

हा नव्या तंत्राला विरोध नव्हे. १९९४ साली राष्ट्रीय शेअर बाजाराने संगणकाच्या पडद्यावर व्यवहार सुरू केले. १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारातील रिंगणाची जागाही संगणकाने घेतली. १९९६ पासून शेअर्स कागदावरून खात्यात जाऊ लागले. बनावट प्रमाणपत्रे, टपालातील गहाळी, सही न जुळण्याची कटकट यांतून सामान्य बचतदार सुटला. त्या सुधारणांनी त्याची जोखीम कमी केली. आजच्या सुधारणेला हीच कसोटी का लावू नये?

दलालाचे उत्पन्न सौद्यांच्या संख्येवर वाढते, ग्राहकाच्या नफ्यावर नव्हे. सौदा जितका सुलभ व अविचारी, तितका त्याचा लाभ. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या वायदे व ऑप्शन्स विभागातील ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला, एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. त्याचे खापर केवळ पडद्याच्या रचनेवर फोडणे अन्यायाचे ठरेल. तथापि, ज्या दुकानात बहुतेक गिऱ्हाइके बुडतात, त्याचे दार सर्वांत पुढे आणून ठेवणे याला सोय म्हणता येत नाही.

घाईच्या बदलाचा फटका जाणकारांनाही बसतो. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील ‘नाइट कॅपिटल’ या बड्या दलालसंस्थेने आठपैकी एका यंत्रावर नवी प्रणाली बसविलीच नव्हती. तेथील जुना, निकामी भाग अवचित जागा झाला आणि पाऊण तासात संस्थेने ४४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गमावली. तेथे निदान चूक करणाऱ्यानेच किंमत मोजली. येथे ती ग्राहक मोजतो.

‘पटत नसेल तर दलाल बदला’, असे सांगितले जाईल. परंतु नवे खाते, नवी कागदपत्रे, नवी सवय यांचा खर्च मोठा असतो. शिवाय नव्या ठिकाणीही हेच घडणार नाही, याची हमी कोण देणार?

म्हणून ‘सेबी’ने तीन गोष्टी बंधनकारक कराव्यात. नव्या आवृत्तीसोबत जुनी किमान तीन महिने चालू राहावी. बदल बाजाराच्या सुटीच्या दिवशी, पूर्वसूचना देऊनच व्हावा. खात्रीचा प्रश्न ग्राहकाच्या स्पष्ट संमतीखेरीज काढला जाऊ नये. वाण्याने नवा तराजू आणला, तर त्यावर वजनमापे खात्याचा शिक्का लागतो. लक्षावधी कुटुंबांची बचत ज्या तराजूत तोलली जाते, त्यालाही तो असणे अगत्याचे आहे.