परतीचा दोर कापू नका!

उमरठ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. १६७० च्या सिंहगडाच्या लढाईत सूर्याजींनी दोर कापून मावळ्यांना मागे फिरायची वाटच ठेवली नाही, ही गोष्ट पोलादपूर-महाडच्या पोरापोरींना तोंडपाठ असते. लढाईत ते शोभलं. लॅपटॉपवर लिनक्स टाकताना मात्र परतीचा दोर शाबूतच हवा.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही आणि नवा घ्यायचा तर खिसा परवानगी देत नाही. अशा वेळी बाहेरून जोडायच्या एसएसडीवर उबुंटू किंवा मिंट टाकणं हा चांगला मार्ग आहे. पण घरात लॅपटॉप एकच असतो. बहिणीचा प्रोजेक्ट, स्कॉलरशिपची कागदपत्रं, घरचे फोटो, सगळं त्यातच. नुकसान झालं तर ते एकट्याचं नसतं.

घोळ दोन ठिकाणी होतो. पहिला डिस्क निवडताना. डिस्क पुसण्याचा पर्याय चुकीच्या डिस्कवर दाबला की खेळ खल्लास. एसडीए, एसडीबी ही नावं बदलू शकतात, म्हणून डिस्क ओळखा ती साइज आणि कंपनीच्या नावावरून. दुसरा घोळ जास्त फसवा. लिनक्स बाहेरच्या डिस्कवर गेलं तरी इन्स्टॉलर त्याचा बूटलोडर आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये ठेवू शकतो. मग बाहेरची डिस्क काढली की समोर नुसता काळा स्क्रीन! तेव्हा घाबरून फॉरमॅट मारू नका. बूट मेन्यूत 'विंडोज बूट मॅनेजर' निवडून बघा. विंडोज बहुतेकदा जागेवरच असतं.

त्यापेक्षा आधीच काळजी घ्या. फाइल्सचा बॅकअप तिसऱ्याच ठिकाणी ठेवा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहा. इन्स्टॉल करताना आतली डिस्क जाणकाराकडून काढून ठेवा, किंवा बायोसमध्ये सोय असेल तर बंद करा. इन्स्टॉलरला ती दिसलीच नाही, तर तो तिला हात कसा लावणार? आणि लिनक्स नुसतं बघायचंच असेल, तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवा. इन्स्टॉलचं बटण दाबूच नका.

कॉलेजांनीही लॅबमधल्या एखाद्या जुन्या मशीनवर पोरांना हे करून बघू द्यावं. तिथे चुकलं तर शिकायला मिळतं. घरच्या एकुलत्या लॅपटॉपवर चुकलं, तर बहिणीचा प्रोजेक्ट जातो.