शाळेच्या ताटातले अंडे परत द्या

वसई-विरारच्या नागरिकांसाठी, विशेषतः शाकाहारी बंधुभगिनी आणि गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांसाठी जाहीर पत्रक



नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस अंडे द्यायचे ठरवले. उकडलेले अंडे किंवा अंडा पुलाव, आणि जे मूल अंडे खात नाही त्याला केळे. कुणाच्याही पोराला जबरदस्तीने काही भरवले जाणार नव्हते. तरीही काही धार्मिक आणि शाकाहारवादी संघटनांनी आवाज उठवला. जानेवारी २०२४ मध्ये शासनाने माघार घेतली आणि ज्या शाळेत ४० टक्के पालकांचा विरोध असेल तिथे अंडे देऊ नये असे ठरले. म्हणजे उरलेल्या ६० टक्क्यांच्या मुलांचेही अंडे गेले. जानेवारी २०२५ मध्ये तर अंड्यासाठीचा निधीच थांबला. वर्षाला सुमारे ५० कोटी रुपयांचा तो खर्च होता. यापुढे हवे असेल तर लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. पैशाची अडचण खरी मानली तरी एक गोष्ट उरतेच: काटछाटीची वेळ आली तेव्हा ज्याच्या पाठीशी कुणी प्रतिष्ठित माणूस उभा नव्हता, तोच पदार्थ पहिला कापला गेला. या पत्रकाचे म्हणणे एवढेच आहे की शाकाहाराला समाजात जी प्रतिष्ठा मिळाली आहे, तिच्यामुळे आहाराविषयी खरे बोलणे बंद झाले आहे. त्याचा फटका गरिबांच्या मुलांना बसतो आणि शाकाहारी कुटुंबांनाही बसतो.

अंड्याचा निधी थांबवण्याचा हा निर्णय पालघर जिल्ह्याला इतरांपेक्षा जास्त बोचायला हवा. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. जव्हार तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, पण जव्हार-मोखाड्याच्या बातम्या थांबल्या नाहीत. वसईकरांनी हे दूरच्या डोंगरातले दुखणे समजू नये. महामार्ग ओलांडून भाताणे, सकवार, पारोळच्या बाजूला गेले की आपल्याच तालुक्यातले आदिवासी पाडे आणि वीटभट्ट्या लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची उंची खुंटलेली आहे, ३६ टक्क्यांचे वजन वयाच्या मानाने कमी आहे आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या जवळजवळ ६९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. आदिवासी क्षेत्रातल्या अंगणवाडीत हेच शासन अमृत आहार योजनेखाली मुलांना महिन्यातून १६ दिवस अंडे किंवा केळे देते. मग तेच मूल पहिलीत गेले की त्याची गरज एका दिवसात संपते का? अंगणवाडीत जे औषधासारखे मोलाचे, ते शाळेच्या उंबऱ्यावर वादग्रस्त कसे होते, याचे उत्तर कुणीही दिलेले नाही.

एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि ती शरीराला जवळजवळ पूर्ण वापरता येतात. शिवाय बी-१२ आणि अ जीवनसत्त्व मिळते, मेंदूच्या वाढीला लागणारे कोलीन मिळते. त्याहून व्यवहाराची गोष्ट अशी की डाळ पातळ करता येते, दुधात पाणी घालता येते, खिचडीतले शेंगदाणे वाटेत कमी होऊ शकतात. अंडे मात्र कवचासकट अख्खे मुलाच्या हातात येते. तामिळनाडूत शाळेच्या दर दिवशी अंडे दिले जाते आणि तिथे कुणाचा धर्म बुडालेला नाही. इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे दिले, तेव्हा उंची खुंटण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांनी घटल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे मलावीत तसाच प्रयोग झाला, पण तिथे उंचीत असा फरक दिसला नाही. विरोधक हा दाखला देतील, म्हणून तो इथेच देतो. मलावीतली ती वस्ती सरोवराकाठची होती आणि तिथल्या बाळांच्या पोटात मासळी आधीच जात होती. वसईकरांना यातला अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. पाचूबंदर, अर्नाळा, नायगावच्या कोळीवाड्यात वाढणाऱ्या पोराला अंडे नसले तरी जवळा आणि बोंबील मिळतो. पूर्वेच्या पाड्यावरच्या पोराला दोन्ही मिळत नाही, आणि शाळेतले ते एक अंडे त्याच्यासाठीच होते.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा: डाळ, दूध, नाचणी, पालेभाजी असताना अंड्याची गरज काय? ज्याच्या घरात हे सगळे रोज, पोटभर आहे त्याला गरज नाही, हे मोकळेपणाने मान्य. विचारपूर्वक घेतलेला शाकाहार आरोग्याला चांगला आहे याचेही पुरावे आहेत. ऑक्सफर्डच्या मोठ्या पाहणीत शाकाहारींना हृदयविकाराचे प्रमाण मांसाहारींपेक्षा २२ टक्क्यांनी कमी आढळले. त्याच पाहणीत पक्षाघाताचे प्रमाण मात्र २० टक्क्यांनी जास्त होते, आणि दूधही वर्ज्य करणाऱ्या व्हीगन मंडळींमध्ये हाडे मोडण्याचे प्रमाण जास्त होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज-सलामीसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले आहे, आणि खारवलेल्या मासळीतले मीठ रक्तदाबाला वाईटच. तेव्हा मांसाहारी माणसानेही फुशारकी मारू नये. प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडच्या शाकाहारी घरातले ताट त्या पाहण्यांतल्या ताटासारखे असते का? सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी चपाती, बटाट्याची भाजी आणि भात, संध्याकाळी फरसाण, रात्री पुन्हा भात आणि वाटीच्या तळाशी डाळ. हे ताट शाकाहारी आहे, पण त्याला सकस म्हणता येणार नाही. भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब अहवालात दिसले, त्यामागे पिठा-साखरेने भरलेल्या अशा ताटाचाही वाटा आहे.

शाकाहारी बंधुभगिनींनो, आता तुमच्या घरातली गोष्ट. हे संशोधन परदेशातले नाही, पुण्यातले आहे. केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या परिसरातले ४४१ पुरुष तपासले. त्यांपैकी ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. हे प्रमाण खेड्यातल्या गरिबापेक्षा शहरी मध्यमवर्गात अधिक होते, ८१ टक्के. आणि शाकाहारींना कमतरतेचा धोका चौपटीहून जास्त होता. याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. ज्या आयांच्या रक्तात गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणे अधिक दिसली. मधुमेहाची वाट अशी आईच्या ताटापासून सुरू होऊ शकते.

बी-१२ वनस्पतींत नसते. पालक, मोड आलेली मटकी, इडलीचे आंबवलेले पीठ, मश्रूम, यांपैकी कशावरही त्यासाठी भरवसा ठेवता येत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम लागते आणि पेलाभर दुधातून सुमारे एक मायक्रोग्रॅम मिळते. चहातल्या चमचाभर दुधाने हा हिशेब जुळत नाही. आणखी घात असा की पालेभाज्यांतले फोलेट रक्तक्षय झाकून ठेवते आणि आतून मज्जातंतूंची हानी चालूच राहते. हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणे, विसराळूपणा, सततचा थकवा हे सगळे वयावर ढकलले जाते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना धोका अधिक, कारण त्या गोळीने बी-१२ चे शोषण घटते. उपाय साधा आहे: रक्ताची तपासणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी किंवा इंजेक्शन. व्रत मोडावे लागत नाही. शरीराची गरज मान्य करण्यात कमीपणाही नाही. खुद्द गांधीजींनी दूध सोडले होते. १९१८-१९ च्या दुखण्यात शरीर सावरेना तेव्हा त्यांनी बकरीचे दूध घेतले आणि ते का घ्यावे लागले हे आत्मकथेत स्पष्ट लिहून ठेवले. आपला आहार श्रेष्ठच आहे असे गृहीत धरणारा माणूस एवढे स्पष्ट बोलत नाही, तपासणीलाही जात नाही. म्हणूनच प्रतिष्ठेचा तोटा शाकाहारींनाही होतो असे आम्ही म्हणतो.

ही प्रतिष्ठा नुसती मनात राहत नाही, ती घराच्या व्यवहारात उतरते. वसई, नालासोपारा, विरारमध्ये भाड्याचे घर बघायला गेलात तर एजंट उत्पन्नाच्या आधी विचारतो, व्हेज की नॉनव्हेज. ज्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून उन्हात वाळत घालतात, जिथले कोळी, मांगेले, आगरी, वाडवळ, ईस्ट इंडियन, सामवेदी ख्रिस्ती आणि वारली पिढ्यान्‌पिढ्या मासळीवर वाढले, तिथल्याच मुलांना नव्या इमारतीत खिडकी लावून सुकट भाजावी लागते आणि शाळेच्या डब्यात बोंबलाची चटणी नेताना संकोच वाटतो. त्याच सुक्या बोंबलात १०० ग्रॅमला ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि भरपूर कॅल्शियम असते. पावसाळ्यात स्वस्तात मिळणारे एवढे सकस अन्न दुसरे कुठले आहे? पण लाज वाटू लागली की आई ते करणे सोडते आणि त्या जागी नूडल्सचे पाकीट येते. आयआयटी मुंबईत २०२३ साली भोजनगृहातली काही टेबले शाकाहारींसाठी राखून ठेवली गेली आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला १०,००० रुपयांचा दंड झाला. उच्चशिक्षितांच्या संस्थेत ही अवस्था, तर गल्लीतल्या सोसायटीचे काय सांगावे!

वासाचा त्रास होतो, असे सोसायटीचे सभासद म्हणतात. त्रास खरा असू शकतो. त्यावर एक्झॉस्ट पंखा आहे, ओला कचरा रोजच्या रोज बांधून देण्याचा नियम आहे, आणि तो सगळ्यांना सारखा लावता येतो. लसणाची फोडणी कांदा-लसूण न खाणाऱ्या शेजाऱ्यालाही नकोशी वाटते. म्हणून लसूण खाणाऱ्याला कुणी घर नाकारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या झोरोॲस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सभासदत्व एका समाजापुरते ठेवायला मान्यता दिली, असा दाखला काही जण देतात. तो निकाल त्या संस्थेच्या नोंदणीकृत उपविधीबद्दल होता. आपल्या बहुतेक सोसायट्यांच्या उपविधीत आहाराचा शब्दही नसतो, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ प्रमाणे पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. तोंडी ठरवलेल्या दंडकाला कायद्याचा आधार नाही.

सर्वांत आदराने घ्यायचा आक्षेप अहिंसेचा. पिंजऱ्यात कोंबलेल्या कोंबड्यांचे हाल खरे आहेत. ट्रॉलरच्या बारीक जाळ्यांनी समुद्र रिकामा होतो, हे तर आमचे कोळी बांधवच सांगतात. ज्याला हे सहन होत नाही त्याने मांस, मासळी, अंडे, दूधही सोडावे. त्याच्या निश्चयाला आमचा नमस्कार. आगाशीच्या जैन मंदिरात येणारा भाविक, गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी, श्रावण पाळणारे आगरी कुटुंब, ईस्टरपूर्वीच्या उपासकाळात मांस वर्ज्य करणारे ख्रिस्ती घर, हे सगळे स्वतःवर बंधन घालून घेतात. कुणी दुसऱ्याच्या मुलाला उपास घडवत नाही. आपल्या सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले, एक १८८२ मध्ये आणि दुसरा १९५६ साली भुईगावला. त्याच लेखमालेतल्या पहिल्या लेखात अशोक प्राणिहत्येबद्दल बोलताना स्वतःच्या स्वयंपाकघराचा हिशेबही मांडतो: पूर्वी लाखो प्राणी मारले जात, आता दोन मोर आणि एक हरीण, पुढे तेही नाही. काही तिथींना मासे विकू नयेत असे हुकूमही त्याने नंतर काढले, हे खरे. पण उपाशी मुलाच्या तोंडचा घास काढून अहिंसा साधते, असे त्याने कुठेही म्हटलेले नाही. कोंबड्यांचे हाल थांबवायचे तर पिंजऱ्यांविरुद्ध कायदा मागा, पाड्यावरच्या बचत गटाने मोकळी पाळलेली गावठी कोंबड्यांची अंडी शाळेने घ्यावीत असा आग्रह धरा. त्या लढ्यात आम्ही तुमच्या सोबत येऊ.

म्हणून वसई-विरारकरांना कळकळीची विनंती आहे. तुमच्या मुलांच्या शाळेतल्या व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला हजर राहा आणि ज्याला हवे त्याला अंडे, नको त्याला केळे किंवा दूध, असा ठराव मांडा. लोकवर्गणीवर भागवून घेऊ नका. शासनाने निधी पुन्हा द्यावा, असे ठरावातच लिहा आणि त्याची प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला व आपल्या आमदारांना पाठवा. सोसायटीच्या वार्षिक सभेत आहार विचारून घर नाकारण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव घ्या. शाकाहारी घरांनी या महिन्यात बी-१२ ची तपासणी करून घ्यावी, गरोदर सून-लेकीची सगळ्यांत आधी. आणि अंड्याच्या ठरावावर पहिली सही शाकाहारी पालकांची असावी, कारण त्या सहीपुढे विरोधाला जागा उरणार नाही.