उंबरठा नसलेली पेढी

व्यापारी कुटुंबात काम डोळ्यांना दिसते. सकाळी दुकान उघडते, मालाची आवक-जावक होते, गिऱ्हाईक येते, संध्याकाळी गल्ला मोजला जातो आणि रात्री कुलूप लागते. काम केव्हा सुरू झाले आणि केव्हा संपले, याविषयी घरातल्या लहान मुलालाही शंका नसते. अशा घरातील मुलगा किंवा सून माडीवरच्या खोलीत संगणकासमोर बसून परदेशी कंपनीचे काम करू लागते, तेव्हा घराला पगाराची अडचण नसते. काम दिसत नाही, ही अडचण असते. पाहुणे आले की ‘तो घरीच आहे, त्याला खाली बोलवा’ असे सहज म्हटले जाते. बँकेत जायचे असो, आजोबांना दवाखान्यात न्यायचे असो, दुकानात माणूस कमी पडलेला असो, घरी असलेल्याचेच नाव आधी पुढे येते. सोयरिकीच्या बोलण्यांत ‘कंपनी कुठे आहे?’ या साध्या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही, कारण पुष्कळदा कंपनीला कचेरीच नसते.

अमेरिकेतील ऑटोमॅटिक ही कंपनी याचे ठळक उदाहरण आहे. मॅट मुलेनवेग यांनी २००५ साली ती सुरू केली. वर्डप्रेस डॉट कॉम ही संकेतस्थळांची सेवा ती चालवते. लाँगरीड्स हे दीर्घ लेखांचे प्रकाशन तिने २०१४ मध्ये, तर टम्बलर हे समाजमाध्यम २०१९ मध्ये विकत घेतले. तिची सुमारे दीड हजार माणसे ऐंशीच्या आसपास देशांत विखुरलेली असून ती आपापल्या घरून काम करतात. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तिची एक प्रशस्त कचेरी होती; पण तिथे रोज येणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच उरल्याने २०१७ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय झाला.

अशा कंपनीत काम चालते ते लेखणीवर. ऑटोमॅटिकमध्ये आपसांत ईमेलसुद्धा फारसा वापरला जात नाही. प्रत्येक गटाचा एक अंतर्गत फलक असतो. काय ठरले, का ठरले, कोणी काय करायचे, हे त्यावर लिहिले जाते. पुण्यातला माणूस झोपला असताना कॅनडातील सहकारी काम पुढे नेतो आणि सकाळी पुण्यातला माणूस ते वाचून पुढचा धागा उचलतो. ज्याला आपले म्हणणे नेमके लिहिता येत नाही, त्याचे कष्ट इथे कोणाच्या लक्षात येत नाहीत. उशिरापर्यंत बसून राहिल्याचे श्रेय मिळत नाही. पूर्ण झालेल्या कामाचेच मिळते.

माणसे निवडण्याची रीतही वेगळी आहे. मुलेनवेग यांनी २०१४ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त ती सविस्तर सांगितली होती. उमेदवाराला काही आठवडे प्रत्यक्ष काम दिले जाई आणि त्याचा मोबदला, पद कोणतेही असो, ताशी २५ डॉलर असे. आधीची नोकरी न सोडता, रात्री किंवा सुटीच्या दिवशी हे काम करता येई. मुलाखतसुद्धा लेखी संवादातून होई. निवड झाल्यावर अभियंता असो वा हिशेबनीस, त्याला आरंभीचे काही आठवडे ग्राहकांच्या तक्रारी सोडवाव्या लागत. वडिलांनी मुलाला वहीला हात लावू देण्याआधी तराजूवर उभे करावे, त्यातलाच हा प्रकार आहे.

खरे तर दूर बसून विश्वासाने काम करणे व्यापारी घराण्यांना नवे नाही. एकेकाळी मुंबईची पेढी आणि शेकडो कोसांवरच्या बाजारातील दुकान यांमधला व्यवहार पत्रांवर आणि हुंडीवर चालत असे. शेठजींची आणि दूरच्या मुनिमाची भेट क्वचितच होई. मुनिमाची पारख त्याने पाठवलेल्या हिशेबावरून आणि पत्रातील खरेपणावरून होत असे. नुकसान झाले तर ते वेळीच कळवणारा मुनीम मोलाचा मानला जाई. आजही दूरस्थ कंपनीत हाच गुण लागतो. काम अडले असेल तर ते स्वतः होऊन लिहावे लागते, कारण अडलेला चेहरा पाहायला समोर कोणी नसते.

फरक आहे तो उंबरठ्याचा. मुनीम रात्री दुकान बंद करून घरी जात असे. संगणकाला शटर नसते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा महाराष्ट्रात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात होतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या सकाळी नऊला इथे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा झालेले असतात. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरात साडेसहाची बैठक नेमकी ताटावर येते. रात्रीच्या बैठकीनंतर झोप लांबते, आणि सकाळी ‘अजून उठला नाही’ हा शेरा ऐकावा लागतो. ज्याने निम्मी रात्र काम केले, त्यालाच आळशी ठरवले जाते.

दुसरा तोटा अधिक खोल आहे आणि तो घरात कोणाला दिसत नाही. दूरस्थ काम करणाऱ्यांची पाहणी बफर ही कंपनी अनेक वर्षे प्रसिद्ध करत आली. ही कंपनी स्वतःही पूर्णतः दूरस्थ पद्धतीने चालते. तिच्या पाहणीत दहांपैकी नऊहून अधिक जण या पद्धतीचे समर्थन करतात. पण अडचणी विचारल्या की एकाकीपणा आणि काम थांबवता न येणे ही उत्तरे पुनःपुन्हा वर येतात. हे चमत्कारिक वाटेल. भरल्या घरात राहणारा माणूस एकटा कसा? मात्र दुकानात दिवसभर जी बोलणी होतात, शेजारच्या दुकानदाराबरोबर जो चहा होतो, नव्या मुलाला जुना माणूस जाता जाता जे शिकवतो, ते सारे कामाचाच भाग असते. खोलीत बसलेल्याच्या वाट्याला ते येत नाही. त्याच्या कामातले यश कशात आहे आणि चूक कशात, हे घरात कोणाला कळत नसल्यामुळे तो सांगतही नाही. म्हणूनच अशा कंपन्या वर्षातून एखादा आठवडा सर्वांना एका ठिकाणी जमवण्यावर मोठा खर्च करतात. ऑटोमॅटिक पाच वर्षांच्या सेवेनंतर काही महिन्यांची पगारी रजाही देते.

व्यवहाराची बाजूही कुटुंबाने समजून घ्यावी अशी आहे. परदेशी कंपनीचे काम करणारा पुष्कळदा कायद्याच्या भाषेत नोकरदार नसून कंत्राटदार असतो. त्याला भविष्यनिर्वाह निधी नाही, उपदान नाही. आगाऊ कर त्यालाच भरावा लागतो, आरोग्यविमाही त्यालाच काढावा लागतो. तेव्हा हाती येणारी रक्कम मोठी दिसली तरी तिच्यातून आधी काय बाजूला काढायचे, हे जमाखर्चात मुरलेल्या वडिलांइतके चांगले कोण सांगणार? आणि अशा कामालाही मंदी चुकत नाही. एप्रिल २०२५ मध्ये ऑटोमॅटिकने आपली सुमारे १६ टक्के माणसे कमी केली. कचेरी असलेल्या ठिकाणी अशा दिवशी निदान निरोपाला चार माणसे असतात. घरून काम करणाऱ्याच्या पडद्यावर एक संदेश येतो आणि खाली स्वयंपाकघरात नेहमीप्रमाणे कुकरच्या शिट्ट्या होत राहतात.

त्या क्षणी जिना उतरून त्याने घरात काय सांगावे आणि कोणाला सांगावे, हे त्याआधीच्या कित्येक महिन्यांच्या वागण्यावर ठरते. ज्या घरात त्याच्या बंद दाराला दुकानाच्या वेळेइतका मान होता, जिथे जेवताना दुकानाच्या उलाढालीबरोबर ‘तुझे आज काय झाले?’ हेही विचारले जात होते, तिथे तो सांगू शकतो. जिथे ‘घरीच तर असतो’ एवढेच ऐकले, तिथे तो गप्प राहतो आणि दुसऱ्या दिवशीही दार लावून संगणकासमोर बसतो.

यासाठी फार काही करावे लागत नाही. कामाच्या वेळा ठरवून त्या घरात सर्वांना सांगाव्यात. त्या वेळेत ‘तो पेढीवर आहे’ असेच पाहुण्यांना सांगावे. ठरलेल्या वेळी काम थांबवून खाली येण्याचा आग्रह घरानेही धरावा, कारण कुलूप लावण्याची सवय व्यापारी घराला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. कंपनीला कचेरी नसेल. पण उंबरठा घरातल्या माणसांना आखता येतो.