सल्ले मोजून झाले, आता ते तपासा

मोहालीच्या सी-डॅकने उभारलेली केंद्र सरकारची 'ई-संजीवनी' सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. टाळेबंदी लागली आणि १३ एप्रिल २०२० पासून घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्याची सोयही तिच्यात आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये या सेवेने १० कोटी सल्ल्यांचा टप्पा गाठला आणि त्यानंतरही आकडा वाढतच आहे. भामरागड किंवा धडगावच्या माणसाला तज्ज्ञ डॉक्टरचे तोंड दिसण्यासाठी किती तास आणि किती रुपये मोडावे लागतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या आकड्याचे मोल वेगळे सांगायला नको. पण तो आकडा फक्त एवढेच सांगतो की इतके संवाद झाले. त्यांतल्या किती जणांच्या आजाराचे निदान बरोबर झाले, किती जणांना नको ती औषधे मिळाली, ताबडतोब दवाखान्यात जायला हवे होते अशा किती जणांना तसे सांगितले गेले, यांतले काहीच त्यातून कळत नाही. खासगी ॲपवर तर संख्येच्या जोडीला पाचपैकी किती तारे मिळाले आणि डॉक्टर किती मिनिटांत फोनवर येतात, एवढ्यावरच गुणवत्तेची भाषा संपते. दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची पारख या दोन्ही मोजपट्ट्यांनी होणार नाही. ती सल्ल्याच्या आशयावरूनच व्हायला हवी, आणि तशी करण्याची रीत उपलब्ध आहे.

आधी ताऱ्यांचे पाहू. अमेरिकेतील 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्दी, खोकला, घसा यांसारख्या श्वसनमार्गाच्या संसर्गासाठी ८५ डॉक्टरांनी ऑनलाइन दिलेले ८,४३७ सल्ले त्यात तपासले होते. ज्यांना कोणतेच औषध लिहून दिले नाही, त्या रुग्णांपैकी सुमारे ७२ टक्क्यांनी डॉक्टरांना पाच तारे दिले. प्रतिजैविक सोडून दुसरे औषध मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ८६ टक्के होते आणि प्रतिजैविक मिळालेल्यांमध्ये जवळपास ९१ टक्के. हे आजार बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात आणि त्यांवर प्रतिजैविकाचा उपयोग नसतो. म्हणजे ज्या डॉक्टरने शास्त्राला धरून हात आखडता घेतला, त्यालाच कमी गुण मिळाले. 'इतके पैसे भरले आणि डॉक्टरांनी काही दिलंच नाही' ही तक्रार आपल्याकडे तर घरोघरी ऐकू येते. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू ही आपल्या रुग्णालयांची मोठी डोकेदुखी असताना, डॉक्टरचे उत्पन्न आणि यादीतले स्थान ताऱ्यांवर ठरवणारी व्यवस्था त्याला चुकीच्याच दिशेने ढकलते. रुग्णाचे मत महत्त्वाचे आहे, पण त्याला विचारायचे प्रश्न वेगळे हवेत. डॉक्टरांनी नाव सांगितले का, सांगितलेले समजले का, लिहिलेले औषध मिळाले का, त्याच त्रासासाठी पुन्हा दुसरीकडे जावे लागले का? याची उत्तरे रुग्ण खात्रीने देऊ शकतो. निदान बरोबर होते का, हे मात्र तो सांगू शकत नाही.

ते तपासण्याची रीत अशी. ठरावीक आजाराची लक्षणे नेमकी सांगू शकतील अशी माणसे प्रशिक्षण देऊन तयार करायची, त्यांना सर्वसाधारण रुग्णांसारखेच सल्ला घ्यायला पाठवायचे, आणि डॉक्टरने काय विचारले, काय ठरवले, काय लिहून दिले याची नोंद करायची. आजार आधीच माहीत असल्याने उत्तर बरोबर की चूक हे ठरवता येते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या आठ कंपन्यांच्या सेवा अशा ५९९ भेटींतून तपासल्या होत्या. साधारण चारांतल्या तीन भेटींत निदान बरोबर निघाले, उपचार मात्र जेमतेम निम्म्या भेटींत मार्गदर्शक तत्त्वांना धरून होते. विशेष म्हणजे कंपनीगणिक हे प्रमाण ३४ पासून ६६ टक्क्यांपर्यंत बदलत होते. ही तफावत ग्राहकाला बाहेरून दिसणे शक्यच नव्हते. त्वचारोगाच्या ऑनलाइन सेवांवरच्या त्याच वर्षीच्या अभ्यासातही, नुसता फोटो पाहून ओळखता येणारे आजार बरेचसे ओळखले गेले. जिथे आणखी दोन प्रश्न विचारायला हवे होते, तिथे ते विचारले न गेल्याने मोठ्या चुका झाल्या.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वजनदार आहे. जिथे डॉक्टरच पोचत नाही तिथे स्क्रीनवरचा डॉक्टर मिळाला हेच मोठे आहे. अमेरिकी मापे लावून त्याच्यात खोड काढायची कशाला? याचे उत्तर आपल्याच देशातल्या संशोधनात आहे. जिष्णू दास आणि सहकाऱ्यांनी याच पद्धतीने ग्रामीण मध्य प्रदेशात आणि दिल्लीत समोरासमोरच्या वैद्यकीय सेवेची तपासणी केली होती. २०१२ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत बरोबर निदान क्वचितच आढळले, चुकीचे उपचार सर्रास दिसले आणि ग्रामीण भागातली तपासणी साडेतीन मिनिटांच्या आसपास आटोपत होती. तेव्हा फोनवरच्या सल्ल्याची तुलना आदर्श दवाखान्याशी करणे अन्यायाचे आहे, हे खरे. ती त्या गावातल्या माणसाला प्रत्यक्षात जे उपलब्ध आहे त्याच्याशीच करावी. पण तुलना करण्यासाठीही आधी मोजावे लागेल. कदाचित ई-संजीवनी गावातल्या भोंदू डॉक्टरपेक्षा आणि घाईत उरकलेल्या ओपीडीपेक्षा सरस ठरेल. तसे झाले तर सेवेच्या समर्थकांच्या हाती १० कोटींपेक्षा भक्कम पुरावा येईल. 'काहीच नसण्यापेक्षा बरे' हे वाक्य मला खटकते ते आणखी एका कारणासाठी: चुकीचा दिलासा मिळालेला माणूस जिल्हा रुग्णालयात जाण्याचे दोन दिवस लांबवतो. अशा वेळी सल्ला न मिळणे परवडले असते.

मोजताना सगळे सल्ले एका पारड्यात घालूनही चालणार नाही. उपकेंद्रात सामुदायिक आरोग्य अधिकारी रुग्णाशेजारी बसून रक्तदाब आणि साखर मोजतात, बाळाचे श्वास मोजतात आणि मग पलीकडच्या डॉक्टरशी बोलतात. घरून ॲपवर बोलणाऱ्या माणसाजवळ यातले काही नसते. मधुमेहाच्या जुन्या रुग्णाची पुढची तपासणी किंवा मानसिक आजारातले समुपदेशन यांना स्क्रीन पुरते. पोटात अचानक उठलेल्या कळेला हात लावल्याशिवाय बरेचदा काही कळत नाही. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी, प्रत्यक्ष तपासणी हवी की नको हे ठरवणे डॉक्टरवरच सोपवले आहे. त्यामुळे माझ्या मते सर्वांत मोलाचा निकष हाच: गरज असताना डॉक्टरने 'आत्ताच्या आत्ता रुग्णालयात जा' असे सांगितले का? आज हा सल्ला देणाऱ्याचे कौतुक कुठेच होत नाही. ॲपच्या हिशेबात असा सल्ला म्हणजे एक असमाधानी ग्राहक आणि सरकारी तक्त्यात इतर सल्ल्यांसारखाच एक आकडा. त्यात जर आरोग्य कर्मचाऱ्यांचा मोबदला सल्ल्यांच्या संख्येशी बांधला, तर बोलण्याची गरज नसतानाही फोन लावले जातील, ही भीती रास्त आहे.

खोटे रुग्ण पाठवणे म्हणजे डॉक्टरांशी दगाबाजी, शिवाय खऱ्या रुग्णांचा वेळ वाया, असेही म्हटले जाईल. यावर तोडगा आहे. वर्षभरात कधीतरी असा रुग्ण येईल याची संमती सेवेत रुजू होतानाच घ्यावी, भेटी गर्दी नसलेल्या वेळी आणि मोजक्या ठेवाव्यात, निष्कर्ष कोणा एका डॉक्टरच्या नावे न लावता सेवेच्या नावे जाहीर करावेत. काही शे भेटींतून चित्र स्पष्ट होते. कोट्यवधी सल्ल्यांच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे. मूल, गर्भवती किंवा गंभीर आजारी माणूस अशा तऱ्हेने उभा करता येत नाही, ही या पद्धतीची मर्यादा खरीच. तिथे दुसरा मार्ग धरावा लागेल: सल्ल्यानंतर सातव्या दिवशी ठरावीक प्रमाणात रुग्णांना फोन करून किंवा आशाताईंकरवी विचारणा करायची आणि कोण दाखल झाले, कोणाला पुढे पाठवायला हवे होते हे जुळवून पाहायचे.

महाराष्ट्राला यासाठी केंद्राची वाट पाहण्याचे कारण नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत समाजवैद्यकशास्त्राचे विभाग आहेत, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवे असतात, आणि मराठी, अहिराणी, गोंडी, पावरी बोलणारी प्रशिक्षित माणसे इथेच मिळतील. भाषेचा मुद्दा किरकोळ नाही. लक्षणे ज्या बोलीत सांगितली जातात ती पलीकडच्या डॉक्टरला कळली का, हेही तपासायचे आहे. सुरुवात गडचिरोली आणि नंदुरबार या दोन जिल्ह्यांतून करावी. तिथले ई-संजीवनीचे सल्ले, खासगी ॲपवरचे सल्ले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली समोरासमोरची तपासणी एकाच निकषांवर मोजावी, आणि निकाल सार्वजनिक आरोग्य विभागाने सल्ल्यांच्या संख्येशेजारीच, त्याच पानावर दरवर्षी छापावा.